राहू द्या

मी चाचणीचा फोन बोलतोय. कानाला लावू नका, माझ्यात सिम नाही.

माझी पहिली पाच वर्षं पिंगळीच्या तात्याराव गुरुजींच्या खिशात गेली. खडूची भुकटी, सुपारीचा चुरा आणि दिवसाला चाळीस ‘सुप्रभात’, एवढाच माझा संसार. एकदा ते गाडीत चढताना मी त्यांच्या हातून निसटलो आणि काचेला आडवा तडा गेला. गुरुजींनी नवा फोन घेतला आणि मला परभणीच्या दुकानात देऊन टाकलं.

तिथून मला ऋतुजानं उचललं. ती एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चाचणीचं काम करते. ॲप बनवणारा विरेश म्हणाला, "जरा बरा फोन घ्यायचास की." ती म्हणाली, "लोकांच्या हातात असलेच फोन हायेत." मला फार बरं वाटलं.

त्यांचं ॲप देशी बियाण्यांच्या नोंदीचं. कोणतं वाण कुणी जपलं, ते ब्लॉकचेनवर लिहायचं. म्हणजे एकच नोंद अनेक संगणकांवर जाते, मागच्या नोंदीला साखळीसारखी जोडली जाते आणि मग कुणालाच पुसता येत नाही. एका वाणाला नाव एकच, जे आधी लिहिलं जाईल ते.

म्हणून ऋतुजा आधी सरावाच्या साखळीवर पहिल्या बोटापासून शेवटच्या पावतीपर्यंत सगळं तपासायची. नाव टाक, कणसाचा फोटो काढ, नोंद साखळीवर पोचली का बघ, पावती परत आली का बघ. मध्येच नेट तोड, मध्येच मला बंद कर. हजार वेळा तरी! माझी बॅटरी तापायची आणि तिचा चहा गार व्हायचा. अखेर सगळीकडे हिरव्या खुणा आल्या. सोमवारी ॲप खऱ्या साखळीवर जाणार होतं.

शनिवारी शेवटच्या सरावासाठी ती मला घेऊन ताडकळसला भागम्माकाकूंकडे गेली. काकूंनी सासूनं दिलेली तांबडी ज्वारी तीस वर्षं मडक्यात राख घालून जपलेली. मागेल त्याला ओंजळभर द्यायच्या, त्यामुळे ती आता कैक घरांत होती. तिला नाव मात्र आपलं लागावं, एवढी एकच हौस.

काकूंनी अक्षर अक्षर जुळवत नाव लिहिलं. शेवटी मी बजावलं, ‘ही नोंद पुसता येणार नाही.’ खाली दोन बटणं होती, ‘पुढे’ आणि ‘राहू द्या’. काकूंनी ठामपणे बोट टेकवलं आणि मला पदरानं पुसून परत दिलं.

"झालं बघ माय."

ऋतुजानं सरावाची साखळी पाहिली. नोंद नव्हतीच.

"काकू, कुठं दाबलं तुमी?"

"‘राहू द्या’वर की. ह्यातच लिवलंय, पुसत न्हाई म्हणून. मग म्हणलं, ऱ्हाऊ द्या माझ्या नावानं!"

ऋतुजाचा चेहरा खर्रकन उतरला. ‘राहू द्या’ म्हणजे ‘नको, रद्द करा’, असं तिनं आणि विरेशनं धरलेलं. सोमवारी हेच झालं असतं, तर काकू निर्धास्त बसल्या असत्या आणि त्यांच्याच ओंजळीतली ज्वारी नेलेल्या कुणाचं तरी नाव कायमचं लागलं असतं.

तिनं तिथूनच विरेशला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, हजार वेळा तपासलंस की!"

"हजारही वेळा मीच तपासलं रे."

रविवारी बटणं बदलली, ‘लिहा’ आणि ‘लिहू नका’. सोमवारी पुन्हा काकूंच्या घरी गेलो, खऱ्या साखळीवरची पहिली नोंद त्यांची झाली, तीही माझ्यावरून. पावती आली तशी काकूंनी मला कपाळाला लावलं. ऋतुजा उंबऱ्यावर बसली आणि खूप वेळ नुसती हसत राहिली. मलाही हलकं हलकं वाटलं. तुम्हीही काही बनवाल तेव्हा ते एकदा परक्या बोटांना देऊन बघा, एवढंच माझं मागणं.

परवा कचेरीत नवे फोन आले. माझी बॅटरी आता तासभरही टिकत नाही. विरेशनं मला उचलून विचारलं, "ह्याला भंगारात टाकू का?"

ऋतुजा मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

ह्या दोन शब्दांवर माझा विश्वासच उरला नव्हता. मग ती उठली, विरेशच्या हातून मला घेतलं आणि चार्जिंगला लावलं.