बियाण्याला बाईचा हात

माझ्या मशीनमध्ये सोयाबीन फिरवलं, हे घरात मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं ते सासूबाईंच्या पांढऱ्या लुगड्यानं. टाकलं पांढरं आणि निघालं गुलाबी. सासूबाई, म्हणजे पार्वताबाई, ते लुगडं हातात धरून अंगणभर फिरल्या आणि शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या माहेराचा उद्धार करून आल्या.

मशीन माझी. या घरात माझ्या एकटीचं दुसरं काहीच नाही, म्हणून हे आधी सांगते. भाऊबीजेला माझ्या भावानं, अंबादासनं, धामणगाव रेल्वेहून ती एसटीत मांडीवर धरून वलगावला आणली. बादलीपेक्षा जराशी मोठी, उचलून कुठंही ठेवता येणारी. वरून पाणी ओतायचं, कपडे टाकायचे, बटण फिरवायचं, की बुडातली तबकडी गरगर फिरते. पाणी काढायला नळी न्हाणीत सोडायची. पिळायचं मात्र हातानंच. शेजारणी म्हणाल्या, चंदाचे हात आता फार नाजूक झाले. नाजूक कसले, फुटले होते.

पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला लाल भुकटीचं औषध चोळतात. आमच्या घरची रीत अशी, की बियाण्याला हात बाईचाच लागला पाहिजे. लक्ष्मीचा हात म्हणतात. ऐकायला गोड आहे. पण हा हात पहिल्या मुठीवर थांबत नाही, तिन्ही बॅगा संपेपर्यंत चालतो, आणि पुरुष मंडळी ओट्यावर चहा पीत लक्ष्मीचं कौतुक करतात. मागच्या हंगामात मी चोळलं आणि माझ्या बोटांची कातडी सोलून निघाली. भाकरी थापताना डोळ्यांतून पाणी यायचं. अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं, साबण नाही, औषध नाही, अगदीच वेळ आली तर रबरी मोजे. मोजे मी आणले. भावाच्या कानावर गेलं तेव्हा मशीन आली.

म्हणून यंदा मी चोळायला नाही म्हटलं. सासऱ्यांनी, भगवंतरावांनी, राग धरला. दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. तेवढ्यात भाचीचं बारसं आलं, मी दोन दिवस धामणगावला गेले, आणि माझ्या नवऱ्याला, गजेंद्रला, अक्कल सुचली. त्यानं बियाणं आणि औषध मशीनमध्ये टाकून बटण फिरवलं. घागरभर घागरभर करत सकाळीच तिन्ही बॅगा उरकल्या. घरात दोन धडधाकट पुरुष, त्यांचे चार हात, आणि आठवण कोणाची झाली, तर कपडे धुवायच्या मशीनची. माझा राग त्या लुगड्याच्या रंगाचा नव्हता, याचा होता.

गजेंद्रला लाज नव्हतीच, उलट अभिमान होता. शेजारचे पुंजाजी मुद्दाम मशीन बघून गेले आणि पुढच्या वर्षी आपलंही बियाणं आणतो म्हणाले. सासरे तर गावभर सांगत होते, आमच्या घरची मशीन लय कामाची आहे.

पेरणी झाली. आठव्या दिवशी शेतात गेलो तर हात-हातभर जागा सोडून एखादं रोप. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या पलीकडे, पुंजाजींचं शेत. त्यांचं बियाणं आम्ही घेतलं त्याच दुकानातलं, आमच्याच वाणाचं, पाऊसही एकच, आणि त्यांच्या ओळी कशा भरून आलेल्या. भगवंतराव धुऱ्यावर उभे राहिले आणि त्यांनी निकाल दिला.

"साबनानं बी मेलं. बाईच्या मशीनीत साबन राहतेच. देऊन टाका ते भंगारात."

मी तिथंच होते. बियाणं फिरवताना जी आमच्या घरची मशीन होती, ती बी मेल्याबरोबर बाईची झाली. गजेंद्र खाली बघून ढेकूळ फोडत बसला. दुबार पेरणीचं खापर माझ्या डोक्यावर, आणि वर मशीनही जाणार. म्हणजे पुन्हा साबण आणि पुन्हा तेच हात. कुर्बानचा भंगाराचा गाडा दर शुक्रवारी गावात येतो. मधे सहा दिवस होते.

घरी येऊन मी कोठीत शिरले. एका बॅगेच्या तळाशी औषध न लावलेलं थोडं बियाणं होतं. नांग्या, म्हणजे ओळीत न उगवलेल्या जागा, भरायला म्हणून मशीनमधलंही पायलीभर वेगळं ठेवलेलं होतं. उगवण कशी बघतात हे मला माहेरी वडिलांनी शिकवलं आहे. गोणपाट ओलं केलं आणि शंभर-शंभर दाणे तीन रांगांत मांडले. पहिले साधे. दुसरे साधेच, पण साबणाच्या फडक्यात मुद्दाम घोळवलेले. तिसरे मशीनमधले. गुंडाळी करून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवली आणि रोज पाणी शिंपडलं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शुक्रवारी दुबार पेरणीच्या बॅगा आल्या आणि पाठोपाठ कुर्बानचा गाडाही आला. गजेंद्रनं मशीन अंगणात आणून ठेवली. मी गोणपाट आणलं आणि सगळ्यांसमोर उलगडलं. साध्या शंभरातले एक्क्याण्णव उगवले होते. साबणाचे अठ्ठ्याऐंशी. मशीनमधले सत्तावीस. न उगवलेला एक दाणा मी सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला. साल फुटून दोन फाका सुट्या झाल्या होत्या. सोयाबीनची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, तिच्यावर तबकडी फिरवल्यावर दुसरं काय होणार? कुर्बानभाईंनी गोणपाट बघितलं, मशीन बघितली आणि मशीन न घेताच गाडा वळवला.

आता दोन शब्द येतील, असं मला वाटलं. चूक झाली, एवढे दोन. भगवंतरावांनी दाणा झटकून टाकला, ताडपत्री अंथरली, तिच्यावर बॅग रिकामी केली आणि औषधाची पुडी फोडली.

"झालं ते झालं. चंदा, ये. बियान्याले बाईचाच हात लागते."

माझं डोकं सणकलं. आत जाऊन रबरी मोज्यांचे दोन जोड आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"मामाजी, मशीनीचा हात कोनता होता? बाईचा का मानसाचा?"

गजेंद्र हसायला लागला आणि मधेच थांबला. सासरे लालबुंद झाले. सुनेनं असं तोंड वर करून बोलायचं, तेही गडीमाणसांदेखत! आता पार्वताबाई पुढं येऊन मला चार शब्द ऐकवणार, हे मी धरूनच चालले होते. त्या पुढं आल्याही. वाकल्या, मोज्यांचा एक जोड उचलला आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकला.

"घाला. तीस वर्सं म्या चोयलं. माहे हात तुमाले कदी दिसले?"

त्यांनी तळवे उघडले. त्यांवर रेषा नव्हत्या, नुसत्या भेगा होत्या, काळ्या पडलेल्या. सात वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून भाकरी थापते आहे. मलाही ते दिसले नव्हते, आणि ती लाज माझी मला वाटली.

भगवंतरावांच्या पंजाला मोजा पुरेना, अंगठ्यापाशी फाटला, पण बसले ते. गजेंद्र समोर बसला. दुपारपर्यंत दोघांनी बियाणं चोळलं, हळू हातानं, आणि कपडे लाल करून घेतले.

मी मशीन न्हाणीत नेली, पाणी ओतलं आणि सासूबाईंना म्हटलं, बटण तुम्ही फिरवा. आत त्यांचं गुलाबी लुगडं होतं. रंग जाणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. लाल सदरे दाराशी पडले होते, ते आम्ही पडू दिले.