घड्याळ तयार आहे

थोरल्या सुनेने पाटीवर ‘दूध बघ’ असं लिहिलं आणि पाटी धाकट्या जावेसमोर धरली.

"बघते, ताई," धाकटी म्हणाली आणि एका हातावर उघडा लॅपटॉप तोलत दुसऱ्या हाताने तिने गॅस बारीक केला. "पण माझंही एक काम आहे. मिनिटभर."

सकाळी आठ ते नऊ थोरलीचं मौन असे. हे व्रत लग्नाआधीपासूनचं. घरात आता त्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. स्वयंपाकघरात खिळ्याला पाटी टांगलेली असे आणि तिच्या दोरीला खडू. "वहिनी बोलत नाहीत तेव्हाच जास्त ऐकू येतं," असं धाकटा दीर म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

धाकटीने लॅपटॉप ओट्यावर ठेवला.

"बाबांना दुकानाच्या यादीत एक पायरी वाढवून हवीय. घड्याळ उघडून बघितलं, खर्च सांगितला आणि गिऱ्हाईक ‘घरी विचारून कळवतो’ म्हणून गेलं, तर ते घड्याळ कुठे दाखवायचं? म्हणून मी ‘विचारलं’ अशी नवी अवस्था घालतेय. ‘उघडलं’ आणि ‘तयार’ यांच्या मधे. तिथेच शोभते ना ती? प्रोग्रॅम तुमचा, म्हणून म्हटलं आधी तुमच्या कानावर घालावं. मधे घातली तर चालेल ना?"

पडद्यावर पाच शब्द होते. आलं, उघडलं, तयार, निकामी, दिलं. खाली दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक घड्याळाला यातला एक शब्द चिकटलेला असे. आठ वर्षांपूर्वी याच ओट्याशी उभं राहून, एक डोळा कुकरवर ठेवून थोरलीने ते टाइप केले होते.

एक गोष्ट या घरात तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. डेटाबेसमध्ये ते शब्द साठवलेच जात नव्हते. प्रोग्रॅममधली माहिती तक्त्यात नेऊन ठेवणारी जी मधली व्यवस्था असते, जिला त्या धंद्यातले लोक ओआरएम म्हणतात, ती सांगितल्याशिवाय शब्द साठवत नाही. शब्द यादीत कितवा आहे, तेवढा आकडा लिहून ठेवते. शून्यापासून मोजलं तर ‘तयार’ म्हणजे दोन, ‘निकामी’ म्हणजे तीन. शब्दच साठव असं सांगायला एक ओळ पुरली असती. त्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि ती ओळ राहिली, ती राहिलीच.

आता मधे एक शब्द शिरला की पुढचे सगळे एकेक घर सरकणार आणि तक्त्यातले जुने आकडे मात्र जागचे हलणार नाहीत. काल ज्या तीनचा अर्थ निकामी होता, त्याचा अर्थ उद्या तयार.

खडू हातातच होता. ‘शेवटी घाल’. दोन शब्दांचं काम.

थोरलीने धाकटीच्या बोटांकडे पाहिलं. उजव्या तर्जनीच्या पेरावर तेलाचा बारीक काळा डाग होता. घड्याळाच्या तेलाचा. काल संध्याकाळी बाबांनी, म्हणजे दोघींच्या सासऱ्यांनी, डोळ्याचं भिंग काढून तिच्या हातात दिलं होतं. "ये, बस. केसाएवढी स्प्रिंग आहे, श्वास रोखून धर." गल्ल्यावर उभ्या गिऱ्हाइकाला त्यांनी वर ऐकवलं होतं, "हिचा हात फार हलका हो!" लग्न होऊन सहा महिने झालेली मुलगी बाबांच्या स्टुलावर बसली होती. थोरली अकरा वर्षं त्या दुकानात पावत्या लिहीत होती. भिंगाला तिने हात लावला होता तो फक्त पुसायला.

तेव्हा ती पावत्या सारख्या करत राहिली होती, सारख्या असलेल्या पुन्हा सारख्या. मनात काय पेटलं होतं, ते तिने रात्री देवासमोरही कबूल केलं नाही.

"ताई?"

थोरलीने मान हलवली. वरून खाली, एकदा. होकाराची.

"वा! मग आजच टाकते," धाकटी म्हणाली आणि तिने दुधाचं पातेलं अगदी वेळेवर उतरवलं. तेही तिला बरोब्बर जमलं.

थोरलीने पाटी पुसली. ती खोटं बोललेली नव्हती. बोललेलीच नव्हती. व्रत शाबूत होतं.

त्या संध्याकाळी जपाला बसली तेव्हा माळ दोनदा मधेच अडखळली आणि दोन्ही वेळा तिला पहिल्या मण्यापासून सुरुवात करावी लागली.

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला तिचा फोन थरथरला. ती उदबत्ती लावत होती. मौनात ती फोन बघत नसे, पण पडदा उजळला आणि अक्षरं डोळ्यांत शिरली.

‘नमस्कार. आपलं घड्याळ दुरुस्त होऊन तयार आहे. कृपया घेऊन जावं.’

खाली पावतीचा नंबर होता. तो तिला पाठ होता.

वडिलांचं मनगटी घड्याळ. ते गेले त्या वर्षी तिने माहेरून आणलेलं. बाबांनी ते उघडून बराच वेळ पाहिलं होतं आणि भिंग काढून म्हणाले होते, "नाही गं पोरी. आतून सगळं गेलंय." ती नोंद तिनेच केली होती. स्वतःचं नाव, स्वतःचा फोन आणि शेवटी ‘निकामी’. मग घड्याळ खालच्या खणात गेलं, इतर मेलेल्या घड्याळांच्या सोबतीला.

रोज आठ वाजता प्रोग्रॅम काय करतो, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? जी घड्याळं तयार आहेत आणि ज्यांचा निरोप गेलेला नाही, तेवढी तो शोधतो. हा निरोप खोटा आहे, तो कसा खोटा झाला, कुठल्या घरातला शब्द कुठे सरकला, सगळं तिला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. तरीही काडी विझवून ती जिना उतरली. पायांत चप्पल नव्हती.

दुकान साडेआठला उघडतं. बाहेर आधीच सात-आठ माणसं उभी होती. शटर वर गेलं तशी सगळी आत आली. थोरली मागच्या दाराने न जाता त्यांच्याच मागे उभी राहिली.

सर्वांत पुढे निवृत्त मास्तर होते. त्यांचं टेबलावरचं घड्याळ चार वर्षांपूर्वीच बाद झालं होतं.

"बायकोचं आहे हो," ते हसत सांगत होते. "तुम्हीच म्हणालात जीव नाही त्यात. म्हटलं, आता त्याचा जीव परत येतोय तर आंघोळ कशाला करत बसू? तसाच आलो."

बाबांनी खण उघडला. मास्तरांचं घड्याळ काढून कानाशी धरलं. मग हळूच खाली ठेवलं.

"मास्तर, हे… हे नाही झालेलं."

मास्तरांचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचं काहीतरी निघून गेलं. मागून कुणीतरी फोन वर करून ओरडलं, "मग हे काय आहे? थट्टा चाललीय का आमची?"

"काय केलंस तू काल?" बाबा गल्ल्याशी बसलेल्या धाकटीकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागणारा होता. "हलका हात, हलका हात म्हणून डोक्यावर बसवली. लोकांची मेलेली घड्याळं ही! काही विचारायचं तरी कुणाला!"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. लॅपटॉपवरची बोटं थांबली.

"बाबा, मी…" तिने नजर उचलली, तर रांगेच्या टोकाशी थोरली. दोघींची नजर भेटली. धाकटीने ओठ मिटले. ‘ताईंना विचारलं होतं’ हे चारचौघांत ती म्हणाली नाही. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं माझं."

काल सकाळपासून थोरली हेच ऐकायला थांबली होती. आता ते ऐकू आलं, आणि आत काहीच गोड झालं नाही.

भिंतीवर चाळीस घड्याळं. बाबांच्या शिस्तीत वाढलेली, सगळी एकच वेळ सांगणारी. नऊला वीस मिनिटं कमी.

"तिचं नाही चुकलं," थोरली म्हणाली.

दुकानातलं गिऱ्हाईक नेहमीचं होतं, या घराची रीत जाणणारं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाबांच्या हातातलं भिंग हातातच राहिलं.

"तिनं विचारलं होतं. मला. मी मान हलवली." तिचा आवाज सकाळचा पहिलाच असल्यामुळे खरखरीत निघाला. "शब्दाऐवजी आकडे साठवले ते मी, आठ वर्षांपूर्वी. मधे काही घातलं की काय होईल, हे मला माहीत होतं. कालही माहीत होतं, बाबा."

चाळीस घड्याळं तेवढी बोलत होती.

"यादी होती तशी कर," ती धाकटीला म्हणाली. "मग आकडे काढून शब्द साठवू. मी बसते तुझ्याजवळ."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे. मग अगदी हळू, एखाद्याची झोप मोडू नये तशा आवाजात म्हणाली,

"ताई, अजून नऊ नाही वाजले."

"माहीत आहे मला," थोरली म्हणाली, आणि वडिलांच्या घड्याळासाठी रांगेच्या टोकाशी आपल्या जागी उभी राहिली.