चाकं वाजवणारा हातोडा

मी हातोडा. खिळे ठोकणारा नव्हे. रेल्वेची चाकं वाजवून पाहणारा. डोकं लहान, दांडा लांब. सान्जो गावच्या भट्टीत घडलो. चाक धड असेल तर माझ्या टोल्याने खणखणतं. तडा असेल तर आवाज बसतो. माझं ज्ञान एवढंच.

ऐकायचं काम कुरोइवाचं. त्याच्या उमेदीच्या वर्षांपासून आम्ही एकाच कारशेडमध्ये. तो टोला देई, कान लावी, मग चाकाकडे बोट रोखून मोठ्याने म्हणे, "ठीक." इथली ही रीतच आहे. बोट रोखून उच्चारलेला शब्द कुणी मागे घेत नाही.

मग रुळांलगत यंत्र आलं. गाडी पुढून गेली की ते चाकं तपासतं. खोट दिसली की लाल दिवा. कुरोइवा त्याच्याकडे पाठ करून डबा खायचा. "याला सर्दी झाली की बरळेल काहीतरी," म्हणायचा.

पण त्याचेच कान गेले होते. हे फक्त मला ठाऊक. टोला दिल्यावर तो दांडा घट्ट धरी आणि त्यातली थरथर हाताने चाचपी.

त्या सकाळी शेवटच्या चाकावर माझा टोला पडला आणि आवाज बसला. मला कळलं. मला ओरडता येत नाही. कुरोइवाच्या हाताला फरक कळला नाही. त्याने बोट रोखलं. "ठीक."

गाडी सरकली. दिवा लाल झाला आणि गाडी थांबली.

कारशेडचा प्रमुख मिनेमुरा धावत आला. तो काम कुरोइवाच्याच हाताखाली शिकलेला.

"कुरोइवासान, तुम्ही ठीक म्हणालात ना? मग यंत्रच बिघडलं असणार. खारी हवा आहे. स्टेशनात माणसं खोळंबलीत, सोडतो गाडी."

"माझा मान राखतोयस?"

"तसं नाही, पण..."

"मग?"

मिनेमुराने गाडी सोडायची शिट्टी ओठांपाशी नेली.

माझ्या दांड्यावरची मूठ घामेजली. शब्द फिरवला तर उद्या काम नाही. मग कुरोइवाने मला मिनेमुराच्या हातात दिलं.

"तू मार. मला ऐकू येत नाही."

मिनेमुराने टोला दिला. त्याचा चेहरा उतरला.

कुरोइवाने त्याच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे बोट रोखलं. "तडा. गाडी सोडू नका."

आज तो घरी आहे. मी कपाटात, गंजतोय. आमच्यासाठी हळहळू नका. यंत्र आपलं काम चोख करतं. फक्त दिवा लागला की कुणाचा मान राखत बसू नका.

त्या दिवशीची माणसं दुसऱ्या गाडीने गेली. उशिरा, कुरकुरत.