अपूर्ण म्हणजे कचरा

आमच्या संस्थेत पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. माझी वहिनी वाचते. मी बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, पुस्तक समोर धरून तिच्या चुका काढते. भावजयीच्या चुका काढायचा नणंदेला पगार मिळतो असं हे जगातलं एकमेव ठिकाण असेल, असं माझा दादा म्हणतो. दादा म्हणजे तिचा नवरा. आपण फार विनोदी आहोत असा त्याचा समज आहे, आणि तो आम्ही दोघींनी मिळून जपलेला आहे.

कॉम्प्युटर सांभाळायला एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे बटणराव म्हणतात, तोंडावरसुद्धा. माणूस सरळ आहे, पण एखादी गोष्ट दोनदा करावी लागली की त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. दिवसाचं रेकॉर्डिंग रोज मोठ्या कॉम्प्युटरवर जायला हवं आणि त्यासाठी आपापला कॉम्प्युटर नीट बंद व्हायला हवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी भिंतीवर पाटी लावली, ‘जाताना कॉम्प्युटर बंद करा.’ झालं! प्रत्येकाने ‘बंद’ या शब्दाचा आपल्याला परवडेल तो अर्थ लावला. हिशेबनीस नुसता पडदा विझवायचे. टायपिस्टबाई वर कापड घालायच्या, म्हणजे त्यांच्या दृष्टीने तो झोपला. व्यवस्थापक भिंतीवरचं बटण खाडकन दाबून निघून जायचे आणि वर म्हणायचे, “याला म्हणतात बंद.” दुसऱ्या दिवशी मोठ्या कॉम्प्युटरवर काहीही पोचलेलं नसायचं.

मग बटणरावांनी माणसांचा नाद सोडला. त्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली सूचनांची चिठ्ठी, वाचून मुकाट्याने तसं करायचं. संध्याकाळी ऑफिस सुटलं की सगळे कॉम्प्युटर आपोआप बंद होणार, आणि बंद होता होता ती चिठ्ठी पाळणार. पूर्ण झालेलं रेकॉर्डिंग मोठ्या कॉम्प्युटरवर पाठव. अपूर्ण असेल ते पुसून टाक.

“पुसून का?” मी विचारलं होतं.

“अपूर्ण म्हणजे कचरा,” ते म्हणाले. “कोणी खोकतं, कोणी मध्येच फोन घेतं, सगळं तसंच पडून राहतं.”

“पण एखाद्याचं वाचन चालूच असेल तर?”

“आधी पडद्यावर सूचना येते. थांबव म्हटलं की थांबतं. मी काय खुळा आहे?”

नाही, खुळे नाहीत. त्यांनी सगळ्याचा विचार केला होता. फक्त माझ्या वहिनीचा केला नव्हता.

वहिनी वाचते ती खोली म्हणजे कपाटाला दार लावल्यासारखी. भिंतींना जाड गाद्या, एक खुर्ची, माइक आणि पडदा. कॉम्प्युटरचा डबा आवाज नको म्हणून भिंतीच्या बाहेर. वहिनी छापील पुस्तकावरून वाचते आणि पडद्याचा उजेड तिच्या डोळ्यांत खुपतो. म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं की ती पहिल्यांदा पडदा विझवते. वर्षानुवर्षं हेच चाललंय. हे मला माहीत होतं, झाडणाऱ्या बाईंना माहीत होतं, बटणरावांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. एरवी वहिनी ऑफिस सुटायच्या आत उठायची, म्हणून कधी अडलंही नव्हतं.

आता मुद्द्याचं. वहिनीच्या घशात गाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाठ निघेल, आवाजाचं काही सांगता येत नाही, नाही राहिला असंच धरून चाला. दादाने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून विनोद करायचा थांबला, तेव्हा मला खरी भीती वाटली. वहिनी मात्र एकच घोकत होती. हातातली कादंबरी तेवढी संपवून जाते. एवढी जाडजूड कादंबरी, सगळी तिच्या आवाजात, आणि उरलं होतं शेवटचं प्रकरण.

“अर्धवट ठेवलं तर दुसरं कोणीतरी वाचेल,” ती म्हणाली. “ऐकणाऱ्याला वाटेल, बाई मध्येच मेली.”

“जिभेला काही हाड?” मी म्हटलं.

“हाड नाहीये, वन्सं. गाठ आहे.”

मला ती असंच म्हणते, वन्सं आणि अहोजाहो. मान देते असं बाहेरच्यांना वाटतं.

त्या संध्याकाळी ती आत गेली. मी बाहेर तिच्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे पाठ करून मोबाइलवर आधीचं प्रकरण तपासत होते. ऑफिस सुटलं, माणसं गेली. बऱ्याच वेळाने दार उघडून ती बाहेर आली. घामाने डबडबलेली, घसा धरून, पण चेहरा असा खुललेला की काय सांगू. “झालं,” ती म्हणाली. आवाज निम्म्यावर आला होता. “एकदाही अडले नाही. तुम्हाला आज काढायला चूक नाही, बसा हात चोळत.”

मी तिला पाणी दिलं आणि ऐकायला म्हणून कॉम्प्युटरकडे वळले. डब्यावरचा दिवा गेलेला. कॉम्प्युटर बंद होता.

मी खाली धावले. नशिबाने बटणराव अजून फाटकाजवळ सायकलचं कुलूप काढत होते, त्यांना बाहीला धरून वर आणलं. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सूचना वेळेवर आली होती, विझलेल्या पडद्यावर. कोणी थांबव म्हटलं नाही. चालू असलेलं रेकॉर्डिंग अपूर्ण ठरलं. चिठ्ठीत लिहिलं होतं तसं ते पुसलं गेलं. वहिनीने जवळजवळ सगळं प्रकरण बंद कॉम्प्युटरला वाचून दाखवलं होतं.

“परत आणता येत असेल ना?” मी म्हटलं. “पुसलेलं आणतात लोक.”

“कायमचं पुसायला सांगितलंय,” ते म्हणाले. “नाहीतर डिस्क भरते.”

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांच्या आईवडिलांपर्यंत पोचले होते. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि एकदाही “मी पाटी लावली होती” म्हणाले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

वहिनीपासून लपवायचं मी ठरवलं होतं. पण मागे वळले तर ती तिथेच उभी. तिने सगळं ऐकलं होतं. ती खाली बसली, खुर्ची नव्हती तिथेच, जमिनीवर. रडली नाही. मला वाटलं, रडली असती तर बरं.

“घरी चल,” मी म्हटलं. “उद्या सकाळी निघायचंय. जाऊ दे ते प्रकरण खड्ड्यात.”

“पुन्हा वाचते,” ती म्हणाली.

“आवाज आहे कुठे?”

“आहे तेवढा आहे. उद्यासाठी साठवून काय करू?”

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “वाचू दे. मी न्यायला येतो.”

इथे बटणरावांची दुसरी हुशारी पुढे आली. ऑफिस सुटल्यावर कोणी कॉम्प्युटर लावलाच, तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा बंद व्हायला बघणार, अशीही सोय त्यांनी करून ठेवली होती. ती सोय काढायची तर मोठ्या कॉम्प्युटरवरून. तो होता कुलपात, किल्ली व्यवस्थापकांकडे, आणि व्यवस्थापक फोन उचलत नव्हते. त्यांनी फोनही बहुतेक भिंतीवरूनच बंद केला असावा.

“मी आत बसतो,” बटणराव म्हणाले. “सूचना आली की थांबवतो.”

तर असे आम्ही तिघं त्या कपाटात. वहिनी खुर्चीवर, मी तिच्या पाठीशी भिंतीला चिकटून, आणि बटणराव गुडघ्यांवर, माउस हातात धरून. उजेड तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यांनी पडद्यावर आपला कोट टाकला होता आणि स्वतःचं डोकं त्या कोटात खुपसलं होतं. दर थोड्या वेळाने कोटातून टिक असा बारीक आवाज यायचा. एरवी मी त्या आवाजासाठी सगळं पान पुन्हा वाचायला लावलं असतं.

वहिनी वाचत होती. पहिल्या पानांवर आवाज जड होता, मग खरखरीत झाला, मग शब्दाशब्दाला फाटायला लागला. तिने एक ओळ दोनदा वाचली. एका नावाचा उच्चार चुकला. पेन्सिल माझ्या हातात होती, मी एकही खूण केली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाक ओढायची चोरी, माइक सगळं ऐकतो.

शेवटच्या पानावर आवाज गेला. ओठ हलत होते, बाहेर नुसती हवा येत होती. तिने दोनदा प्रयत्न केला. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि उरलेल्या ओळींच्या सुरुवातीला बोट ठेवलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. तिने बोट तसंच दाबून धरलं. नख पांढरं पडलं होतं.

मी वाचायला लागले. माझा आवाज भांडायचा आवाज आहे, वाचायचा नाही. पण वाचलं. कादंबरीतली बाई बऱ्याच वर्षांनी आईच्या घरी येते, एवढ्याच ओळी होत्या. शेवटचं वाक्य मी कसंबसं म्हटलं, “दार उघडं होतं, तिने कडी वाजवली.” आणि सुटले एकदाची म्हणून श्वास सोडला.

वहिनीने माझ्या मनगटाला धरलं. सगळा जीव गोळा करून घसा खाकरला. जो आवाज निघाला तो चिरका होता, पण शब्द स्वच्छ होते.

“‘तरी’ गाळलंत, वन्सं. पुन्हा.”

मी पुन्हा वाचलं. “दार उघडं होतं, तरी तिने कडी वाजवली.” तिने मान हलवली. कोटातून बटणरावांचा हुंदका आला. मग त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं, पूर्ण म्हणून ठेवलं, आणि तीन ठिकाणी त्याच्या प्रती केल्या.

गाठ निघाली. वहिनी ठणठणीत आहे, दादावर लिहायची पाटी फेकून रागावते, कारण आवाज आला नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं.

पुस्तकाची शेवटची तपासणी माझ्याकडे होती. चुकीचं वाक्य आणि त्यानंतरचं बोलणं कापायचं, बरोबर तेवढं ठेवायचं, असा आमचा नियम आहे. मी ते कापलं नाही. ज्यांनी ती कादंबरी शेवटपर्यंत ऐकली त्यांना ते ऐकू येतं, कोणीतरी कोणालातरी दटावतंय. कोणाला ती चूक वाटली, तर त्याने मला येऊन सांगावं. मी बघते.