पाचव्या दिव्याचं तेल

ये, बस इथं. पाय मोकळे सोड. एका म्हाताऱ्याच्या मरणाची गोष्ट सांगतो. घाबरू नकोस, मेला तो टीव्हीत मेला. पण घोर लागला तो खऱ्या माणसांना.

एक मालिका चालते. सात सरदार, धुराचे राक्षस आणि घराएवढा गरुड. दरबारात सातही सरदार ओळीनं बसतात आणि प्रत्येकाच्या पाठीमागं भिंतीवर एकेक दिवा. दिवे खरे, तेलाचे. विजेचे थरथरत नाहीत, म्हणून नकोत. त्या सात दिव्यांच्या वाती वळायच्या, तेल घालायचं, काजळी झाडायची, हे काम एकाच माणसाचं. त्याला सगळे वात्या म्हणायचे. पन्नाशी उलटलेला गडी, पण खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं.

आता गरुडावर बसणारा पाचवा सरदार, तो म्हातारा, म्हणजे वात्याचे दाजी. थोरल्या बहिणीचा नवरा. ऐन उमेदीत दाजींनी नाटकं गाजवली होती. मग कामं आटली. नऊ वर्षं खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. ताई म्हणायची, "खुर्चीलासुद्धा माणसाचा कंटाळा येतो रे." शेवटी वात्यानंच दिग्दर्शकाच्या कानावर घातलं आणि ही भूमिका मिळाली. तेव्हापासून दाजी रोज सकाळी दाढी करायला लागले. ताईला घरात तेवढंच पुरे होतं.

तर एक दिवस दाजींचं मोठं भाषण होतं. चांगली दोन पानं. दाजी उठून उभे राहिले आणि सुरू झाले, ते कुठं अडखळायचं नाव नाही. वात्या कॅमेऱ्यामागं, हातात तेलाची झारी, तोंडाचा आ वासलेला. बघतच राहिला. आणि तिकडं पाचव्या दिव्यातलं तेल संपलं. दिवा गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बघणाऱ्यांच्या आलं. माणसाला घरातलं मीठ संपलेलं दिसत नाही, पण टीव्हीतला विझलेला दिवा बरोबर दिसतो. भाग दाखवला आणि गावभर एकच बोलणं. सहा जळतायत, पाचवा विझलाय, म्हातारा जाणार.

मालिका लिहिणाऱ्या बाई सेटवर आल्या. "हा दिवा कुणी विझवला?"

वात्यानं झारी पाठीमागं लपवली. नोकरी जायची भीती, दुसरं काय. तेवढ्यात दिग्दर्शक पुढं झाला. "मीच. मुद्दाम." हा असा माणूस, की भूकंप झाला तरी म्हणेल, मीच सांगितला होता.

"छान आहे," बाई वहीत खरडत म्हणाल्या. "मला सुचलं नव्हतं. विचार करते."

घाण आपण केली, निस्तरायचीही आपणच, असं वात्यानं मनाशी धरलं. पुढच्या भागाला पाचव्या दिव्यात बोटभर जाड वात घातली, काठोकाठ तेल ओतलं. ज्योत अशी उभी राहिली की बाकीचे सहा तिच्यापुढं काजवे. आता बघू कोण मरतो म्हणतंय.

लोक म्हणाले, विझायच्या आधी दिवा मोठा होतोच की.

आगीतून उठला आणि फुफाट्यात पडला. आठवड्याभरात पुढच्या भागाचे लिहिलेले कागद आले. म्हातारा गरुडासकट कोसळतो आणि दरबारात प्राण सोडतो.

वात्या बाईंच्या खोलीत गेला. "बाई, तो इशारा नव्हता हो. तेल संपलं होतं. माझं लक्ष नव्हतं."

बाईंनी चष्मा काढला. "खरं असेल मामा. पण लोक आत्तापासून रडायला बसलेत. त्यांना उठा म्हणून कसं सांगू?"

"दुसरं काही लिहा ना."

"लोकांनी दुसरं काही मनात घेतलं तर लिहीन. मी त्यांच्याच तोंडाकडं बघून लिहिते."

मग दाजींकडं जाणं आलं. दाजी आरशासमोर बसलेले, मेकअपवाली बाई कपाळावर जखम रंगवत होती. वात्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. भाषणापासून झारीपर्यंत.

दाजींनी आरशातूनच त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे तू माझं भाषण ऐकत होतास?"

"हो."

"तेल संपेपर्यंत?"

"हो दाजी."

"एवढ्या वर्षांत माझं काम बघताना कुणाचं तेल संपलं नव्हतं रे." आणि हसले. कपाळावरची जखम हलली तशी मेकअपवाली म्हणाली, "काका, मरायचंय ना, मग हसू नका."

"ताईला अजून सांगू नकोस," दाजी म्हणाले. "उद्याची दाढी तरी सुखानं होऊ दे."

ते वाक्य वात्याच्या काळजात रुतून बसलं.

मरणाच्या दृश्याला त्याला भिंतीमागं उभं केलं. हातात रबराची नळी, तिचं दुसरं टोक पाचव्या दिव्याशी. दिग्दर्शकानं हात खाली केला की फुंकर मारायची. दाजी कोसळले. अंगरखा लाल रंगानं भिजून गेला. मान कलली. दिग्दर्शकाचा हात खाली आला.

वात्यानं नळी तोंडाला लावली आणि श्वास रोखून धरला. फुंकला नाही.

"कट! दिवा का नाही विझला?"

"नळीत काहीतरी अडकलं साहेब."

"पुन्हा घ्या!"

पुन्हा कसं घेणार? अंगरखा एकच शिवलेला आणि तो रंगानं चिंब. कपडेवाला म्हणाला, धुऊन वाळायला दोन दिवस लागतील. दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं, बाईंकडं बघितलं, घसा खाकरला. "असू दे. मी मुद्दामच ठेवलाय."

बाई दिव्याकडं बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. "लोक काय म्हणतात बघू."

दाजी घरी आहेत. सकाळी दाढी करतात आणि फोनजवळ बसतात. खुर्ची अजून खिडकीकडं सरकलेली नाही.

तो भाग परवा दाखवणार आहेत. तेव्हा एवढं कर. बघायला बस, घरच्यांनाही बसव, आणि कुणी डोळ्याला पदर लावला की सांग, अगं, म्हाताऱ्याकडं काय बघतेस, मागं बघ, पाचवा दिवा जळतोय. शेजाऱ्यालाही सांग.