दोन घरं वजा

मी काटा बोलतोय. कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या चिमुकल्या खिडकीत थरथरतो ना, तोच. उजेड किती आहे हे सांगायचं, एवढंच माझं काम. पण थरथर नुसती उजेडाची नाही हो, मी मुळातच भित्रा. माझ्या सांगण्यावर माणसं फोटो काढतात, आणि गेलेला क्षण काही पुन्हा पोज देत नाही. भीती वाटणार नाही तर काय!

जन्म टोकियोच्या कारखान्यातला, पण हयात गेली एचिगो प्रांतातल्या एका बर्फाळ गावात, तोमिझो सेकिगुचींच्या स्टुडिओत. वय झालं तशी माझी नजर मंदावली. लख्ख ऊन असलं तरी मी कमीच दाखवू लागलो. वाटलं, झालं, आता अडगळीत रवानगी. तोमिझो मात्र हसले.

"चुकतोय खरा, पण रोज तेवढाच चुकतोय," ते बायकोला म्हणाले. "असल्यावर भरवसा ठेवता येतो."

तेव्हापासून मी सांगेन त्यातून ते दोन घरं वजा करत. उजेड कमी सांगितला की भिंगाचं भोक गरजेपेक्षा मोठं ठेवलं जातं, म्हणून कडं फिरवून ते दोन घरं बारीक करत, आणि फोटो असा उतरे की गाव बघत राही. एका प्रसंगाला एकच फोटो, ही त्यांची ऐट.

मग किनुएचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. नवरा ब्राझीलला कॉफीच्या मळ्यावर निघालेला, लग्नानंतर थोड्याच दिवसांत योकोहामाहून जहाज. परत कधी भेट होईल, कुणी सांगावं? तिची आई हात्सुए सारखी म्हणे, "अहो, एक रंगीत फोटो तरी राहू दे माझ्यापाशी."

बापाला भेट म्हणून किनुएनं मला गुपचूप शहरात नेलं. कारागिरानं माझा म्हातारा डोळा काढून नवा बसवला. मी ठणठणीत झालो, आणि दुसऱ्याच क्षणी मला घाम फुटला. हे तोमिझोंना कोण सांगणार? पोरगी म्हणत होती, लग्नाला निघताना सांगेन, गंमत होईल. गंमत! माझा जीव टांगणीला लागला होता.

लग्नाच्या दिवशी देवळासमोर बर्फ चकाकत होता. किनुए नखशिखांत पांढऱ्या वेषात, नववधूच्या रिवाजाप्रमाणे मान खाली घालून उभी. तोमिझोंनी मला पाहिलं.

"आज भलताच चढलास की रे! बर्फाचा प्रताप," ते पुटपुटले, आणि बोटं सवयीनं कड्यावर गेली.

अहो, नका! आज मी खरं सांगतोय! पण काट्याला कुठला आवाज? कळ दाबली गेली.

रंगीत स्लाइडची फिल्म धुऊन आली. पांढरी वधू राखेच्या रंगाची, चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. तोमिझो ती चौकट खिडकीशी धरून कितीतरी वेळ उभे राहिले.

"माझे डोळे गेले गं, हात्सुए," एवढंच म्हणाले.

बंदरावर मी त्यांच्या गळ्यात लटकत होतो. जहाजावर चढताना किनुए मागे वळली.

"बाबा, सांगायचंच राहिलं! काटा दुरुस्त करून आणलाय मी. आता तुमची ती दोन घरं बंद हं! लग्नाचा फोटो झकास आला ना?"

हात्सुएनं तोंडावर हात दाबला. मला वाटलं, संपलं, हे आता मला समुद्रात भिरकावणार.

"झकास आलाय, पोरी," तोमिझो म्हणाले. "तुझा काटा अगदी बरोबर आहे."

जहाज हललं. निरोपाच्या रिवाजाप्रमाणे धक्क्यावरून जहाजाच्या कठड्यापर्यंत दोन्हीकडच्यांनी धरलेल्या रंगीत कागदी फिती ताणल्या आणि एकेक करून तुटू लागल्या. तोमिझोंनी कॅमेरा उचलला. लेक हात हलवत होती. मी उजेड सांगितला, अगदी खरा. त्यांची बोटं दोन घरं मागं गेली, परत आली, पुन्हा मागं गेली. जहाज वळेपर्यंत त्यांना ठरवताच आलं नाही.

त्यानंतर मला कुणी उजेड विचारला नाही. कपाटाचं दार उघडलं, फटीतून उजेड आला, की अजून माझा थरकाप होतो. मला दुरुस्त जरूर करा, बाबांनो. पण मी ज्याच्या हातात आहे, त्याच्या कानावर ते आधी घाला.