शहाजादीचा नंबर

"घोड्यावर मांड ठोकली की माणसाचं खरं रक्त बोलू लागतं!" उद्धवरावांनी कचेरीत जाहीर केलं. ते स्वतः आजवर एकदाच घोड्यावर बसले होते, आपल्याच वरातीत, आणि तेव्हा दोन मामांनी त्यांना दोन्हीकडून धरलं होतं.

पण बोलून बसले होते. दिवाळीच्या सुट्टीत चिंचवडहून थेट भीमाशंकर, घोड्यावरून, रानात दोन मुक्काम. हेडक्लार्क अर्जुनरावांनी लढाईत खेचरांच्या पलटणीत चार वर्षं काढलेली. ते शांतपणे म्हणाले, "वा! सकाळच्या गाडीनं निरोप द्यायला येतो. बघू तरी मांड." तेव्हापासून उद्धवरावांची झोप उडाली.

घोडी मिळाली ती मीरासाहेब टांगेवाल्यांची. नाव शहाजादी, वय विचारू नये असं. खोगीर वरातीचं, जरीच्या झालरीसकट.

बायकोनं, शालनबाईंनी, सामान बांधायला घेतलं. सतरंजी, कंदील, स्टोव्ह, दशम्या, लोणच्याची बरणी आणि पाट.

"अगं, रानात पाट कशाला?"

"मग जेवायला काय दगडावर बसणार? मूळव्याध माझी नाही, तुमची आहे."

पाट चढला. मग ओट्यावरून उद्धवरावही चढले. शहाजादी हलेना. टाच मारून झाली, चुचकारून झालं.

"साहेब, घंटा वाजल्याबिगर ती पाऊल उचलत न्हाई," म्हणत मीरासाहेबांनी टांग्याची पितळी घंटाच काढून त्यांच्या हातात दिली. "आन् लगाम वढू नका हां. तिला राग येतो."

उद्धवरावांनी घंटा वाजवली. शहाजादी निघाली. चाकणचा रस्ता डावीकडं होता. ती उजवीकडं वळली, ती थेट स्टेशनासमोर चार टांग्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. नंबर लावून.

त्यांनी पुन्हा घंटा वाजवली. तिनं कान हलवला. नंबर म्हणजे नंबर.

तेवढ्यात पुण्याची गाडी आली. पुढचा टांगा भरून गेला, शहाजादी दोन पावलं सरकली. दुसरा गेला, पुन्हा दोन पावलं. चौथा गेला तेव्हा उद्धवराव, झालर, स्टोव्ह आणि पाट सगळ्यांच्या पुढे होते, आणि फाटकातून अर्जुनराव बाहेर येत होते.

अर्जुनरावांनी खालून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उद्धवराव, भीमाशंकर कसं काय?"

उद्धवरावांनी घंटा खिशात घातली, टोपी सारखी केली आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"अर्जुनराव, जरा हात देता का? उतरायचंय."